चोवीस तारखेपर्यंत

११ जून १९९६

प्रधानसाहेबांनी आज भर मीटिंगमध्ये माझा सर्व्हे टेबलावरून सरकवून दिला. "कुमुदिनीबाई, जुलाब झोपड्यांतून येतात. त्याला नकाशे कशाला?" सगळे हसले. मीही हसले! त्याचीच चीड जास्त.

यमुनेपलीकडच्या त्या नव्या कॉलनीत मी आणि आमची नर्स अलकनंदा चारशे बारा घरं उन्हातून पायी फिरलो. नव्या पाइपलाइनवरची दोनशे घरं — एकसष्ट आजारी. मजुरांच्या हातपंपांवरची दोनशे बारा — आजारी फक्त चार. आणि साहेबांचा हुकूम काय? हातपंप सील!

१३ जून

पंप बंद. मजूरही आता पाइपलाइनचंच पाणी भरतात.

१४ जून

चोवीसला मंत्रालयातून अधिकारी तपासणीला येणार. प्रधानांची बढती त्यांच्याच हातात. तिथे उठणार मी. प्रत्येक आजाऱ्याचा लाल ठिपका, नकाशावर. बघू मग कोण हसतं!

अलकनंदा म्हणाली, "दीदी, पानीवाले इंजीनियर को आज ही दिखा दो. लाइन बंद कर देंगे." इंजिनिअर विश्वनाथ ऐकेल, माहीत आहे. पण मग गुपचूप दुरुस्ती होईल आणि प्रधान नामानिराळे! म्हटलं, "चौबीस तक रुको."

१९ जून

जिन्यात प्रधान भेटले. "रागावलात की काय अजून?"

"छे हो, सर."

किती गोड बोलता येतं मला!

२४ जून

झालं!! नकाशा भिंतीवर लावला आणि बाजूला उभी राहिले. मंत्रालयातल्या बाईंनी विचारलं, "हैंडपंप किस आधार पर बंद किए?" प्रधान कागद चाळत राहिले. नुसते चाळत राहिले. मान लाल झालेली. मी डोळे भरून पाहिलं. बढती गेली, बदली नक्की. विश्वनाथने तासाभरात पाइपलाइन बंद केली, हातपंप उघडले. — एक तास!

येताना करोल बागेत उतरून साडी घेतली. हिरवी.

२८ जून

पुन्हा घरोघर मोजणी. अलकनंदाने यादी तारखेवार लावली. चौदा ते चोवीस — नवे आजारी त्रेपन्न. त्यातली तीन मुलं गेली.

तिने पेन उघडून विचारलं, "ये किसके नाम लिखूँ, दीदी?"