वाटणीत न मोजलेला उजेड

१२ फेब्रुवारी, सकाळी

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा मध्ये कुरकुरत होता, आता थांबलाय. मी देवाच्या कृपेने धडधाकट आहे. खोकला येतो अधूनमधून, पण तो लाकडाच्या भुशाचा. तुला शेडच्या मधल्या भिंतीपलीकडून ऐकू जातच असेल. तुझ्या नोकरीबद्दल कानावर आलं आहे, त्यावर पुढे लिहितो.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी बोळात उभा राहिलो होतो, ते आधी सांगतो. लाकूड चिकटवायचा सरस आणायला निघालो होतो. बोळाच्या तोंडाशी आलो तर तुझं शटर अर्धं वर, आणि तू एक खुर्ची उचलून रस्त्यावर आणलीस. उजेडात धरलीस, पाठ पाहिलीस, पाय पाहिलेस, आत नेलीस. मग दुसरी आणलीस. मांजर पिल्लं हलवते तशी तुझी ये-जा चालली होती. एक ट्रक गेला, धूळ उठली, तेव्हा तू खुर्ची पोटाशी धरून तिच्यावर वाकलास. पॉलिश अजून ओलसर असणार. मी पुढे यायला हवं होतं. एक खुर्ची धरायला असा काय वेळ लागतो? पण मी मागे सरलो आणि तू शटर खाली ओढेपर्यंत बोळातच उभा राहिलो. सरस आणायचा राहूनच गेला.

दुपारी तो दुकानदार आधी नेलेल्या खुर्च्या परत घेऊन आला होता ना? त्याचा आवाज असा, की भिंत असली काय नि नसली काय. "अहो, या खुर्च्या एका आईच्या वाटत नाहीत. एक तांबूस, एक काळपट. गिऱ्हाईक मला हसतंय." तू म्हणालास, "आत तर सगळ्या सारख्या दिसत होत्या." तो म्हणाला, "मग गिऱ्हाइकाला तुमच्या आत आणून बसवू का?" माझ्या हातात रंधा होता, तो तसाच राहिला. तुझा हात मला ठाऊक आहे. पॉलिशचा बोळा तू फिरवायचास तेव्हा बाबा काम टाकून बघत बसायचे. दोष हाताचा नाही.

त्यानंतर मी शिडी लावून माझ्या बाजूच्या वरच्या खिडक्या पुसायला घेतल्या. बाबांनी शेड बांधली तेव्हा त्या उत्तरेच्या खिडक्यांवरून लोक त्यांना हसले होते. एवढ्या उंच काचा, त्यातून ना रस्ता दिसतो ना गिऱ्हाईक. बाबा म्हणायचे, तिकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर रंग बदलत नाही. आपण दोघं त्या उजेडातच शिकलो. मी लाकूड जोडायचो, तू रंगवायचास. दिवा लागायचा तो फक्त घरी निघताना, कुलूप शोधायला.

काचांवर भुशाचा थर बसला होता. पुसल्या तसा उजेड आत आला, माझ्या बाकावरून सरकत गेला आणि मधल्या भिंतीवर थांबला. सबंध भिंत पांढरी फटक. मी शिडीवरच बसून राहिलो. छोट्या, वाटणीच्या दिवशी आपण टेप घेऊन जमीन मोजली. मशिनं मोजली, फळ्या मोजल्या, खिळ्यांचे डबेसुद्धा सारखे केले. रस्त्याकडची बाजू तुला हवी होती, गिऱ्हाईक दारात येतं म्हणून. मागची मला चालत होती. लोक म्हणाले, थोरल्याच्या वाट्याला अडगळ आली. उजेड मात्र कुणी मोजला नाही. तो सगळाच्या सगळा इकडे राहिला. तुझ्या दाराला ऊन आणि धूळ. पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून तू शटर लावतोस, आणि शटर लावलं की भरदिवसा ट्यूब. ट्यूबखाली तांबूस नि काळपट सारखंच दिसतं.

तो बुटका गवंडी आठवतो? त्याने विचारलं, "भिंत कुठवर घेऊ?" आणि आपण दोघं एका सुरात म्हणालो, "छतापर्यंत." भांडण सुरू झाल्यापासून आपलं एकमत झालेलं ते एकच. गवंडी हसला होता. भांडण तरी कशाचं? तुला दुकानांची मोठी कामं घ्यायची होती, मला घरोघरची. आज पाहतो तर दोन्हीही चालली असती.

आता नोकरीचं. तुझी बायको परवा आमच्याकडे आली होती. बोलण्याआधी बराच वेळ तुझ्या वहिनीबरोबर शेंगा सोलत बसली, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाली, "भाऊजी, हे परगावच्या गोदामात नोकरी बघायला निघालेत. महिनाअखेर शेड बंद करायची म्हणतात. पुढची बाजू घेणार का, ते आधी तुम्हाला विचारायला सांगितलंय." मी विचारलं, "गोदामात काय काम?" ती म्हणाली, "आलेला माल उतरवून घ्यायचा." मग हळूच म्हणाली, "रोज रात्री यांच्या हाताला पॉलिशचा वास येतो, आता यायचा नाही."

माझ्याकडचा टकल्या सुतार खूश झाला. "दादा, घेऊन टाका. रस्त्याला तोंड मिळतंय." तुझी वहिनी जेवताना फक्त एवढं म्हणाली, "भिंत पाडायचीच आहे, तर ते गेल्यावर कशाला?"

मी त्या रात्री नेहमीसारखा देवापुढे बसलो. मागण्यासारखं काही सुचेना. सबंध शेड मिळत होती, आणि डोळ्यांपुढे सारखी तू पोटाशी धरलेली ती खुर्ची. हे मी इतका वेळ लिहायचं टाळतोय: मला तुझी बाजू नको. तिथे तू हवा आहेस. सकाळी तुझं शटर वर गेल्याचा आवाज येतो, मग मी माझं काम सुरू करतो. इतकी वर्षं असंच चाललंय. तू सुट्टी घेतलीस की माझा दिवस उशिरा उजाडतो. हे तोंडाने सांगायचं मला जमलं नसतं, म्हणून हे पत्र.

तू रविवारी नोकरी बघायला गेलास. मी त्याच बुटक्या गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "तेव्हा एका सुरात बोलला होतात, आज एकटेच?" मी म्हटलं, "दुसरा गावाला गेलाय, तो आल्यावर ओरडेल, तेव्हा ऐका." कुलूप तुझ्या बायकोने उघडलं. घरातल्या सगळ्या चादरी आणून तिने तुझ्या खुर्च्या झाकल्या, अगदी अंगावरची शालसुद्धा. मी तुझ्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही. विटा एकेक करून माझ्याच बाजूने उतरवल्या. डोक्याच्या वरची भिंत आता नाही. खालची तशीच ठेवली आहे, तुझं सामान, तुझं कुलूप, तुझा हिशेब सगळं तुझंच. माझ्याकडच्या छताला आतून चुना दिला आहे, त्यामुळे उजेड वर आपटतो आणि तुझ्या पॉलिशच्या जागेवर उतरतो. चादरी काढल्यावर, शटर बंदच असताना, मी भिंतीवरून तुझ्या बायकोला विचारलं, "दिसतंय का?" ती म्हणाली, "भाऊजी, तीन खुर्च्या तांबूस आहेत." ट्यूब लावली नव्हती.

तुला न विचारता केलं. भिंत दोघांची होती. रागावलास तर तेही बरोबरच. निम्म्या विटा तुझ्या दाराबाहेर रचून ठेवल्या आहेत. तुला भिंत परत हवी असेल तर सांग, मी माझ्या हाताने चढवीन. नोकरी घ्यायची की नाही ते तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही. पण ठरवण्याआधी एक सकाळ शटर लावून आत बस, आणि त्या खुर्च्या तिथेच, जागेवर बघ.

हे पत्र तुझ्या बायकोकडे तुझ्या जेवणाच्या डब्यात ठेवायला दिलं आहे. मी माझ्या बाकावर असेन. आता मोठ्याने बोलायची गरज नाही, नुसतं "दादा" म्हटलंस तरी ऐकू येईल.

पलीकडच्या बाजूने,
तुझा दादा