हिरव्या झेंडीची पट्टी

मांडवगण फराटा
१२ मे १९५८

सत्यानाश! संध्याकाळी वादळ आलं आणि परसातला मांडव आडवा. दुधीचा वेल बुंध्यापासून हातभरावर पिचला. पानांच्या चिंध्या.

खातून हमीदाच्या बाळंतपणाला यवतला गेली आहे. एसटीच्या पायरीवरून लेकीची काळजी सोडून मलाच बजावलं — "अम्माच्या दुधीचं बी यंदा शेवटचं हाय. वेल सांभाळा." अम्मा म्हणजे माझी सासू. जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या वेलासारखा लांबलचक दुधी गावात कुणाकडे नाही. वेल गेला तर बी गेलं. खातूनला काय तोंड दाखवू?

१३ मे

अठ्ठावीस वर्षं दौंडला रेल्वेत गार्ड होतो. डबे घसरले तेव्हा डगमगलो नाही, वेलाला घाबरतो की काय! पिचल्या जागी तुरकाट्या लावल्या. पट्टीला फडकं सापडेना, म्हणून रिटायर होताना आणलेली हिरवी झेंडी फाडली. (लाल मुद्दाम नाही. वेल जागीच थांबला तर?) वरून शेणमाती लिंपली.

शेजारचा हौसराव कुंपणावरून बघत होता. त्याच्या शेळीनं माझी मिरची खाल्ली, तेव्हापासून वर्षभर बोलणं बंद. बघ म्हटलं, खुशाल बघ!

१५ मे

वेल मलूल. हौसरावाची बायको पुतळाबाई आपल्या शेळीला मोठमोठ्यानं सांगत होती — "अगं, नुसतं पानी घालून काय व्हतंय? येलाचं पेर मातीत दाबावं, तवा नवं मूळ फुटंल!"

शेळी काही पेर दाबणार नव्हती. मीच दाबलं.

१६ मे

हौसरावही आपल्या वेलाला पट्ट्या बांधत बसला होता. चांगलं धोतर फाडून! माझी नक्कल, दुसरं काय.

२४ मे

कोंब! दोन बोटं उंच! आनंदानं गार्डाची शिट्टी फुंकली. गल्लीतली कुत्री अजून भुंकताहेत.

५ जून

पांढरं फूल, मागे इवलंसं फळ. बोट दाखवलं नाही. बोट दाखवलं की कोवळं फळ कुजतं, असं अम्मा सांगायची. पाठीमागे हात बांधूनच उभा राहिलो.

१२ जून

फळ गोल! तांब्याएवढं आणि तांब्यासारखंच गोल! म्हणजे हा अम्माचा वेल नव्हेच. अम्माचा कधीच मेला असणार आणि मी भलताच जगवला. रडू आलं. खरंच आलं.

परवा खातून येणार.

१४ जून

खातून आली. मान खाली घालून सगळं सांगितलं. ती हसतच सुटली! "हा गोल दुधी पुतळाबाईचा. होळीलाच आमी दोघींनी बिया बदलल्या. मी यवतला जानार, आन् अम्माचं बी तुमच्या भरवशावर ठिवू व्हय? पर अम्माचा येल म्हनलं नसतं, तर तुमी पानी तरी घातलं असतं का?"

म्हणजे या दोघींचं बोलणं कधी बंदच नव्हतं! आणि मी महिनाभर शेजाऱ्याच्या दुधीला पंखा घालायचा बाकी होतो. राग आला, पण तिचं हसू बघून टिकला नाही.

१५ जून

कुंपणाशी गेलो. पलीकडे लांबलचक दुधी लोंबत होता, धोतराच्या पट्टीच्या वेलाला. "हौसराव, हा वेल कुणाच्या बियाचा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. तुमच्या सासूबाईंचा. म्हनून तर धोतर फाडलं."

चहाला बोलावलं. आला. मागोमाग शेळी आली. मिरचीकडे गेली. जाऊ दिली.