चित्र आलं, आवाज नाही

प्रिय ताई,

आपल्या गावावरची टेकडी खचल्याचं मला खाणीवर येणाऱ्या ट्रकवाल्याने सांगितलं. तू आणि आई कुठे आहात, ते त्याला काय ठाऊक असणार. तुझा फोन बंद, शेजारच्यांचा बंद. इथे नेट नाही, टीव्ही केव्हाचा जळालाय. राहिला ऑफिसातला कॉम्प्युटर. त्यात छपरावरच्या डिशच्या छत्रीची वायर जोडून टीव्ही बघायचं कार्ड आहे, पण मालकाने विंडोज काढून फुकटची लिनक्स टाकल्यापासून ते मुकंच पडलेलं.

स्टोअरकीपरकाका म्हणाले, सातवीत शाळा सोडलीस, आता तूच राहिला होतास. म्हटलं, काका, टोमणे मग मारा, आधी खुर्ची द्या. मला एका जागी बसवत नाही हे तुला सांगायला नको, पण तिथे खिळलो. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम होता, कार्ड ओळखतही होता, फक्त कार्डाला जागं करणारी फर्मवेअरची फाईल नव्हती. ट्रकवाल्याने ती शहरातून पेनड्राइव्हवर आणली. टाकली, रीस्टार्ट केलं. तीच रड. पुन्हा केलं, पुन्हा तीच. मग डोक्यात आलं, नुसत्या रीस्टार्टने कार्ड बंदच होत नसेल, वीज पूर्ण तोडायला हवी. पण वजनकाटाही त्याच कॉम्प्युटरवर, आणि बाहेर भरलेल्या ट्रकांची रांग. काका म्हणाले, हात लावलास तर नोकरी गेली समज. मी प्लग उपटला.

बाहेर हॉर्न, आत शिव्या. प्लग परत लावला, कार्ड जागं झालं. चॅनल सापडले तसे काका शिव्या देता देताच माझ्या मागे येऊन उभे राहिले. चौकोन चौकोन फुटलेलं चित्र आलं, मग जुळलं. शाळेचं पटांगण, चादरी, माणसं. आणि ताई, तू. बातमीवाल्याने तुझ्यापुढे माईक धरलेला. पण आवाज नव्हता गं. चित्राच्या नादात मी आवाजाकडे बघितलंच नव्हतं. तू बोलत होतीस, मागे ढिगाऱ्याकडे हात करत होतीस, मग एकदम तोंड झाकून घेतलंस. मी बटणं दाबतोय, काका वायर हलवताहेत. आवाज आला तेव्हा साबणाची जाहिरात लागली होती.

काका म्हणतात, तीच बातमी पुन्हा दाखवतील, ये बस. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. तुझे ओठ आठवतो. कधी वाटतं 'सापडली' म्हणालीस, कधी वाटतं 'नाही'. घाटात फक्त मदतीच्या गाड्या सोडतात, मला बसवून घेत नाहीत, म्हणून पत्र मदतीचा माल घेऊन निघालेल्या त्याच ट्रकवाल्याकडे देतोय. उत्तर घेतल्याशिवाय तो निघणार नाही. त्या परक्या बातमीवाल्याला जे सांगितलंस ते मला तुझ्या हाताने लिही. काहीही असलं तरी. आई कुठे आहे?

तुझाच,
भिंगऱ्या