किचनमधली लाल रेघ

१८ जून
काका-काकू पेरणीला सेनगावला गेले. आई देवळात. गेटाचा लाल ऑइलपेंट उरलेला होता. हॉलपासून किचनपर्यंत मधोमध रेघ मारली. गॅस आमच्याकडं, सिंक त्यांच्याकडं. एकटीच हसत बसले.
रोजचंच हाये ना, 'आमचा अर्धा, आमचा अर्धा'. फ्लॅट बाबा अन् काकांनी मिळून घेतलेला. बाबा गेले, त्यांचा अर्धा आईच्या अन् माझ्या नावावर.

१९ जून
काका आले, रेघ पाहिली, मोबाईलमंदी फोटो काढला. सरळ त्यांच्या खोलीत गेले. आई माझ्या कानात, "जाता जाता तुझ्या काकानं हद्दच घातली बघ."
मी म्हणलं, व्हय.

३० जून
गंमत म्हणजे दोघी जावा रेघ पाळून राहिल्या. आई सगळ्यांचा सैपाक करते, काकू सगळ्यांची भांडी घासते. बोलणं बंद.

८ जुलै
काका त्यांचा अर्धा विकून राहिले. गिऱ्हाईक आलं, बुटासकट किचनमंदी. "इथं माझा फ्रीज बसंल." आईची पोळी करपली.
काकूचे गुडघे गेले, तिसरा मजला, लिफ्ट न्हाई. त्यांना खाली घर पाहिजे, खरंय. पण परक्या माणसासंग एका किचनमंदी आमी दोघी कशा राहणार?

१४ जुलै
विक्री थांबवायला आईनं दावा टाकला. मी वादी नंबर दोन. शाळेत कदी नंबर आला न्हाई, कोर्टात आला.

५ ऑगस्ट
काकांच्या वकिलाचं उत्तर आलं. आमच्या वकिलानं वाचलं: आपसांत राजीखुशीनं वाटणी झालेली आहे, मधोमध पक्की रेघ आहे, फोटो जोडला आहे. म्हणजे काकांनी त्यांचा भाग कोणालाबी विकावा.
"ताई, तुमी तवाच हरकत काहून घेतली न्हाई?"
आई म्हणली, "भांडण नको म्हून गप बसले."
घर जाईल ते माझ्या ब्रशानं.

६ ऑगस्ट
सांगितलं न्हाई.

११ ऑगस्ट
आज बी न्हाई. आई भाकरी थापून राहिली होती, तोंड उघडलं अन् म्हणलं, मीठ कमीय.

२१ ऑगस्ट
कोर्टानं मध्यस्थीला पाठवलं. लहान खोली, मध्यस्थ वकीलबाई. त्यांनी पयलंच विचारलं, रेघ कोणी मारली?
काका म्हणले, "वैनीनं."
"भावजी, देवाला भिऊन बोला."
"मी वावरात होतो वैनी, तुमच्या गळ्याची शपथ."
दोघं एकमेकाकडं पाहूनच राहिले. आई रडायला आली. मग मी म्हणलं, "म्या मारली. रंग उरला होता."
मग काकू, "मंजे दोन महिने म्या सगळ्या घराची भांडी घासली, ती हिच्यापायी?"
आई म्हणली, "अन् मी चुलीपाशी उभी न्हवते का?"
काकांच्या वकिलानं फोटो उलटा ठेवला. काका म्हणले, "नंदे, तुला धरून बदडाया पाहिजे." पण बदडणाऱ्याचा आवाज न्हवता.
बाईंनी समजावलं, वाटणी झालीच न्हाई, पण गुडघे तर दुखतात. काका म्हणले, सगळा विकू, खाली शेजारी-शेजारी दोन लहान घरं घेऊ. आई म्हणली, "ह्यांची बसायची खिडकी हाये ह्या घरात. इचार करते." तारीख १० सप्टेंबर.

२ सप्टेंबर
इचार चालूच. आई बाबांच्या खिडकीत बसते. मी काई म्हणत न्हाई. माझ्या तोंडाला आता किंमत न्हाई.

९ सप्टेंबर
उद्या आईला हो का न्हाई सांगायचंय. दुपारी बाजारातून तिघी सोबत आलो. दुसऱ्या मजल्यावर काकू पायरीवर बसली, म्हणली, "तुमी व्हा पुढं, आक्का." आई गेली न्हाई. पिशवी माझ्याकडं दिली अन् तिच्या बाजूला टेकली.
मला म्हणली, तू जाय वर.
वर आले. दार उघडंच ठेवलंय. बोलून राहिल्यात दोघी, बारीक आवाजात, काई ऐकू येत न्हाई. पाऊण तास झाला.