मान्य नसलेली डिस्क

अहो,

काल दुपारी माजघरातल्या कॉम्प्युटरनं तुमची डिस्क ओळखली. आबांना सांगितलं, तर ते "बरं झालं" म्हणाले आणि चहा मागितला. सासऱ्यांना यातलं किती कळणार! म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून आपला छापखाना बंदच आहे. दोन्ही कॉम्प्युटरवर मी चादरी घातल्या होत्या. आठवतं ना, मी बाहेरच्या खोलीत पत्रिका टाइप करायची, तिथून काळी वायर भिंतीच्या कडेनं माजघरात जायची आणि सगळं काम आतल्या डिस्कवर साठायचं. "तू लिही, मी सांभाळतो," म्हणायचात. कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण मात्र मला कधी उघडू दिलं नाहीत. का हो? मी तुम्हाला स्वयंपाकघरात कधी अडवलं होतं?

ती डिस्क तुम्ही सांगलीहून किती हौसेनं आणली होती! एस.टी.त सबंध वाट मांडीवर धरून. फलटणच्या स्टँडवर उतरलात तेव्हा पिशवी माझ्या हातातसुद्धा दिली नाहीत.

मग खंडेनवमी आली. आबा सुभेदार, चुलते फौजेत, आणि तुम्हाला मात्र सपाट तळव्यांपायी भरतीत घेतलं नाही. त्यामुळे शस्त्रपूजेचा तुमचा सोस घरात सगळ्यांपेक्षा जास्त. मी म्हटलं, कॉम्प्युटरला वरूनच हळद-कुंकू लावा. तर म्हणालात, "म्यानातल्या तलवारीची पूजा कोण करतं गं? भाईर काडाया पायजे." आणि खरंच पेटी उघडून डिस्क बाहेर काढलीत, पाटावर ठेवलीत. ओलं कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. शेजारी आबांची तलवार. हसू दाबताना माझी काय अवस्था झाली होती!

दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर तो इशारा यायला लागला, की ही डिस्क या यंत्राला मान्य नाही. तुम्ही बटण दाबून पुढे जायचात. सांगलीच्या दुकानदाराला फोन केलात, तर तो म्हणाला, "मशीन जुनं, डिस्क नवी, जमायचं न्हाई." झालं, तेच धरून बसलात. कोणकोणती सेटिंगं बदललीत, किती वेळा यंत्र बंद-चालू केलंत! पूजेआधी तीच डिस्क तक्रार न करता चालत होती, हे आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही?

शेवटच्या त्या महिन्यांत तुम्ही माझ्याशी कमी आणि त्या इशाऱ्याशी जास्त बोललात. छातीत दुखतंय हेसुद्धा मला सांगितलं नाहीत. याचा राग अजून आहे माझ्या मनात. सांगितलं असतंत तर? रोज विचारते, आणि रोज भाजी चिरायला घेते.

गेल्या आठवड्यात लोणंदहून एक गिऱ्हाईक आलं. आबांनीच बोलावलं होतं. "सूनबाई, इकून टाकू ह्ये. एकलीनं कुठवर रेटशील?" म्हणाले. त्या माणसानं चादरी काढून बटण दाबलं. तोच इशारा, आणि आता पुढेही जाईना. "डिस्क गेली. फेकून नवी घालतो मी," तो म्हणाला. फेकून? आपलं सगळं काम तिच्यात! तुम्ही काढलेले गणपती, वेलबुट्ट्या, प्रत्येक पत्रिकेचा साचा. ते गेलं, की मला नव्यानं उभं राहायला काय उरतं? मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

आणि झाकण उघडलं. रागावलात तर रागवा. आधी वायर बदलून पाहिली, इशारा तोच. मग डिस्क बाहेरच्या कॉम्प्युटरला लावली, तिथंही तोच. म्हणजे दोष यंत्राचा नाही, डिस्कबरोबर फिरतोय. ती उजेडात धरली. वायर जिथं खोचतात, तिथल्या बारीक पिनांत वाळलेलं कुंकू आणि अक्षतेचा एक तुकडा. तुम्ही वायर जोरानं दाबलीत म्हणून एक पिन वाकलेली. शिवणाच्या सुईनं तांदूळ काढला, कोरड्या ब्रशनं कुंकू झाडलं, पिन हळूच सरळ केली.

डिस्क माजघरातल्या पेटीत परत बसवून बटण दाबलं, तर इशारा नाही! सगळं काम जसंच्या तसं. तुमच्यावर इतकी चिडले, इतकी रडले, की आबा सोप्यावरून उठून आले.

आज सकाळी ते जवळ येऊन म्हणाले, "वर्सश्राद्धाची पत्रं भाईरनं नगं. तुज्याच हातनं हुंद्या."

"आणि लोणंदचा माणूस?"

"त्येला सांगिटलं, इकायचं न्हाई म्हून."

पुण्यस्मरणाचा आपला साचा उघडला. कितीजणांची नावं त्यात घातली मी, न अडखळता. तुमचं नाव मात्र लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा ना तोंडानं, ना हातानं. आज बोटं 'कै.' पर्यंत गेली आणि तिथंच राहिली. मी पडदा बंद केला.

उद्या ते नाव टाइप करीन. प्रूफ तुम्ही वाचायचात तसंच मोठ्यानं वाचीन, आबांना ऐकू जाईल असं. आणि तुमच्या नावाशी थांबणार नाही.

तुमचीच,
सुमन