मस्त झोप लागली, हे कोणाला समजलं

बाबा, रोवणा लागला की, भातलावणीच्या त्या दिवसांत, दुपारी तुम्ही बांधीतून यायचे, पायाचा चिखल धुवून भात जेवायचे अन् ओसरीतल्या खाटेवर आडवे व्हायचे. उठल्यावर ठरलेलं वाक्य, मस्त झोप लागली, काहीच समजलं नाही. मग मला विचारायचे, "काहीच समजलं नाही, तं मस्त लागली हे कोनाले समजलं, सांग?" मी तेव्हा सातवीत. अंगाला समजलं असेल, असं म्हटलं की तुम्ही हसायचे. "अंग तं खाटेवर पडून होतं बाई. आत कोनीतरी जागं रायते." हे पोथीत ऐकलेलं की तुमचं स्वतःचं, ते विचारायचं राहूनच गेलं. आई मात्र चिडायची, पोरीचं डोकं कायले खाता म्हणायची.

माझ्या लग्नानंतर एका वर्षी मी रोवण्यात माहेरी आले होते. आई बायांसंगं बांधीत, घरी आपण दोघंच. रोवण्यात झोपलेल्याला हाक मारायची नाही, हा घरचा कायदा तुम्हीच केलेला. मी टीव्ही बंद केला, अंगणात ओरडणारी पोरं हाकलली अन् तुमच्या खाटेजवळ लाखोरीची डाळ निवडत बसले. दोन तास बसले, बाबा! आईनं येऊन तुमचा हात उचलला तर तो तसाच खाली पडला. भंडाऱ्याला नेलं. डोक्यात रक्तस्राव झाला, आणायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. पण त्रास झाला नसेल, अशा वेळी माणसाला काही समजत नाही, असंही म्हणाले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेले.

काही समजत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं? तुमचं म्हणणं खरं असेल, तर ते दोन तास आत कोणीतरी जागं होतं, सुपातल्या डाळीचा आवाज ऐकत होतं, अन् मी हाक मारत नव्हते. मोबाइलवर वाचून वाचून थकले. एक म्हणतो गाढ झोपेत जाणीव असते, दुसरा म्हणतो नसते. आता मीही दुपारी झोपते, उठल्याबरोबर त्या झोपेकडं मागं वळून पाहते. झोप चांगली झाली एवढंच हाताला लागतं, बाकी काही नाही.

हा कागद मी डाळीच्या डब्याखाली ठेवून देईन, दुसरीकडे कुठं पाठवणार. आईलाही न सांगितलेली एक गोष्ट आहे. त्या दिवशी तुमचं घोरणं वेगळं होतं, जड, अडकत अडकत येणारं. मला ऐकू आलं होतं. मी मनात म्हटलं, आज बाबाले मस्त झोप लागली.