तीन मीटरची खूण

दि. ३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला डिजिटल कॅमेरा आणि लेन्स जोडायची कडी मिळाली. स्टुडिओ बंद केल्यापासून माझी जुनी लेन्स कपाटात पडून होती. ती या नव्या कॅमेऱ्यावर बसेल यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता, पण मध्ये कडी घातली आणि बसली. फोकस हातानेच फिरवायचा, ॲपर्चर हातानेच लावायचं, म्हणजे कॅमेऱ्याला करायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे तो मला आवडला.

तू म्हणालीस तसं ॲपर्चर पूर्ण उघडं, दोनवर ठेवून शेजाऱ्यांचे फोटो काढले, म्हणजे मागचं सगळं पुसट यावं. शिंपी झाला, पोस्टमन झाला, समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका झाल्या. बाई हसायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, मग शाळेत दिसायचात तशाच दिसाल. त्यावर हसल्या. चौसष्ट फोटोंचं कार्ड पाकिटात आहे.

गेल्या महिन्यात तू पाठवलेल्या फोटोंपैकी पुलाचा उत्तम आहे. कोपऱ्यातला माणूस मात्र काढून टाक. ताई बरी आहे, तुझ्या आत्याला माझ्याशी भांडायला वेळ पुरत नाही.

तुझ्या पुढच्या पाकिटाकडे डोळे लावून बसलेला,
काका

दि. ९ ऑगस्ट

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. चौसष्टच्या चौसष्ट फोटोंत चेहरा धूसर आहे आणि मागची भिंत, पडदा, खिडकीचे गज अगदी शार्प. शिंप्याच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येते, पण शिंपी काही ओळखू येत नाही.

दोष कडीचा निघाला. तसलीच दुसरी माझ्याकडे आहे, ती मोजून पाहिली. हवी त्यापेक्षा दोन दशांश मिलिमीटरने पातळ आहे. एवढ्यानेही लेन्सवरच्या आकड्यांचा मेळ जातो. तीन मीटरच्या खुणेवर लावलं की फोकस चार मीटरच्या आसपास जाऊन बसतो. घाईघाईत कुठलीतरी कडी उचलली, ही चूक माझी.

पण काका, तुमच्या फरशा एक-एक फुटाच्या आहेत आणि फोटोत त्या मोजता येतात, माणूस दर वेळी तीन मीटरवरच. तुम्ही पावलं मोजलीत, खुणेवर लावलंत आणि बटण दाबलंत. पडद्यावर चेहरा मोठा करून पाहायची सोय मी कागदावर लिहून दिली होती. एकदा जरी पाहिलं असतं तरी पहिल्याच फोटोला कळलं असतं. का नाही पाहिलं? आणि उजव्या कडेला दर फोटोत काहीतरी घुसलंय. बादली, दार, एकदा तर आत्याचा हात. असल्याच एका झाडूपायी तुम्ही माझा अख्खा रोल फेकायला लावला होता.

रागावू नका. मला फक्त उत्तर हवं आहे.

आशीर्वाद आणि उत्तर, दोन्हींची वाट पाहणारी,
भिंगरी

दि. १४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, हसू आलं. चाळीस वर्षं खुणेवर लावून फोटो काढले, कुणाची तक्रार आली नाही. तुमच्यासारखं पडद्याला नाक लावून बसायची मला सवय नाही. बादली ताईने ठेवली होती, तिला विचार. दुसरी कडी पाठव म्हणजे झालं.

मी ठणठणीत आहे. रोज ताईला स्कूटरवर मागे बसवून बाजारात नेतो. तुझा काळजीचा कारखाना जरा बंद ठेव.

लोभात काही कमी न करणारा,
काका

दि. १८ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

फोन केला की काका शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र लिहितेय. हे त्यांना दाखवू नकोस.

काकांच्या पत्रातल्या ओळी उजवीकडे घसरत खाली गेल्यात. एक शब्द दुसऱ्यावर चढलाय. चौसष्ट फोटोंत त्यांना एकही चेहरा धूसर दिसला नाही, उजवीकडची बादली दिसली नाही. आत्या, मला वाटतं त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही. आणि ते स्कूटर चालवतात, मागे तू असतेस.  त्याच विचाराने काल कामावर तीनदा उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

मला खरं सांग. काय ते एकदा कळू दे.

तुझी,
भिंगरी

दि. २३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र शिवणाच्या डब्यात लपवलं. मग लक्षात आलं, टेबलावर उघडं टाकलं असतं तरी त्याला वाचता आलं नसतं. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

तू म्हणतेस ते खरं आहे. उजवा डोळा गेलं दीड वर्ष नाहीच, आणि डाव्याने बारीक काही दिसत नाही. तू दर महिन्याला फोटो पाठवतेस ते मी त्याला सांगते. ऊन कुठून आलंय, माणसं किती, कोण कुठे बघतंय. मग तो विचार करून मत देतो. पुलावरचा तो कोपऱ्यातला माणूस मला आवडला नव्हता.

स्कूटरवरही तसंच. मी मागून सांगते, उजवीकडे सायकल, पुढे खड्डा. परवा नेमकी मला शिंक आली आणि तेवढ्यात एक बाई मुलीचा हात धरून रस्त्यात उतरली. ती किंचाळली म्हणून ह्याने ब्रेक दाबला. कुणाला लागलं नाही. तेव्हापासून किल्ली मी लपवून ठेवली आहे. तो रोज शोधतो आणि त्याच्या हाताखालीच असली तरी त्याला दिसत नाही. ते मला बघवत नाही.

त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता. म्हणायचा, भिंगरीला कळलं तर ती फोटो पाठवायची थांबेल, मग महिनाभर वाट कशाची बघायची. मी दिलेल्या शब्दात अडकले. आता तूच काहीतरी कर.

तुझी घाबरलेली,
आत्या

दि. २६ ऑगस्ट

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

हे पत्र आत्या तुम्हाला वाचून दाखवेल. तिच्यावर चिडू नका, चिडायचं तर माझ्यावर चिडा. मला सगळं कळलंय.

मीही चिडले आहे. दीड वर्ष तुमचं मत प्रमाण मानून मी फोटो ठेवले आणि फाडले, आणि ती निवड आत्याची होती. पण रागापेक्षा भीती मोठी आहे. एक डोळा गेला, आणि दुसराही असाच गुपचूप जात असेल तर? मी सोमवारी येतेय. मंगळवारी अकराला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी दारातच बसून राहीन.

फोटो थांबणार नाहीत. हे आत्याने दोनदा वाचावं.

तुमची,
भिंगरी

दि. २० सप्टेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितोय, म्हणून अक्षर एवढं मोठं. डॉक्टर तुझ्यासमोर बोलले तेच पुन्हा बोलले. काचबिंदू आहे, उजवा परत येणार नाही, डावा थेंबांवर टिकेल, टिकला तर. त्या ‘टिकला तर’ने मला झोप लागत नाही. सकाळ-संध्याकाळ ताई घड्याळ घेऊन उभी असते. स्कूटर शिंप्याला देऊन टाकली.

डॉक्टरांना मी घाबरलो नव्हतो गं, तुला घाबरलो होतो. जिला फोकस लावायला शिकवलं तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, हेच कळत नव्हतं.

तू आणलेली नवी कडी बरोबर बसली. स्टँड लावून, पडद्यावर चेहरा मोठा करून, डाव्या डोळ्याने ताईचा एकच फोटो काढला. पंचवीस मिनिटं लागली, तेवढा वेळ ती गुरगुरत होती. मला वाटतं फोकस डोळ्यावर बसलाय. ताई म्हणते सुंदर आहे, पण तिला स्वतःचा फोटो कधी वाईट वाटलेला नाही. म्हणून कार्ड पाठवतोय. मला बरं वाटावं म्हणून काही लिहिलंस तर ते मला कळणार नाही. म्हणूनच तसं लिहू नकोस.

तुझ्या खऱ्या शब्दाची वाट पाहणारा,
काका

दि. २५ सप्टेंबर

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

मीही मोठ्या अक्षरात लिहितेय, तुम्हालाच वाचता यावं म्हणून. फोटो पाच वेळा पाहिला, कारण लिहायला हात धजत नव्हता.

फोकस डोळ्यावर नाही. चार बोटं मागे, कानावर बसलाय. दोन्ही डोळे धूसर आहेत.

आत्याला भिंतीला टेकवून बसवा, म्हणजे ती डुलणार नाही. थेंब चुकवू नका. पुन्हा काढा, आणि गुरुवारच्या टपालाने पाठवा.

तुमची लाडकी,
भिंगरी